आईनं टाकलेलं पिल्लू: दर विणीला तिसऱ्या दिवशी पिल्लं का जातात?

कुत्री व्याली. सहा-सात पिल्लं झाली. पहिल्या दिवशी सगळी आचळाला लागलेली होती, चुटुचुटु पीत होती. दुसऱ्या रात्री एक पिल्लू कोपऱ्यात एकटं पडलेलं दिसलं. उचलून आईजवळ ठेवलं, तिनं नाकानं बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेलं, संध्याकाळी आणखी एक. आठवडाभरात एखाद-दुसरं उरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तुमच्या अंगणात, इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा मळ्यात असं होत असेल, तर जरा वेळ काढून वाचा. निफाड तालुक्यात आमचा मळा आहे आणि चांदी ही आमची गावठी कुत्री. तिच्या पहिल्या दोन विणींत मिळून १३ पिल्लं झाली, जगली ३. तिसऱ्या वेळी ७ झाली, त्यातली ६ जगली. कुत्री तीच, जागा तीच, खाणंही फारसं वेगळं नव्हतं. पिल्लू गार पडतं म्हणजे नक्की काय होतं, हे तेवढं मला मधल्या काळात कळलं होतं.

भाद्रपद अधिक ६३ दिवस

भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कुत्रीचे पोटुशीपणाचे दिवस साधारण ६३. भाद्रपदापासून तेवढे दिवस मोजा, कार्तिक येतो. म्हणजे गावठी कुत्र्यांच्या कितीतरी विणी नेमक्या थंडी पडायला लागते तेव्हाच येतात. पाळलेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्या वर्षातून दोनदा केव्हाही माजावर येतात, त्यांचं गणित वेगळं. पण रस्त्यावरच्या आणि मळ्यातल्या कुत्र्यांचं बहुतेक असंच.

आमच्या भागात थंडी म्हणजे खरी थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की पेपरात बातमी येते. त्या रात्री आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून पहाटे ठिबकचं पाणी सोडतो. दोन वर्षं आम्ही रात्र-रात्र जागून बागेला ऊब दिली, आणि तिथून पन्नास पावलांवर, गोठ्याच्या मागच्या पडवीत, शहाबादी फरशीवर चांदीची पिल्लं गारठत होती. आजही आठवलं की जीव कळवळतो.

नवजात पिल्लाला कुडकुडता येत नाही. पहिला आठवडाभर तर अजिबात नाही. अंगावर चरबी नसते, केस विरळ असतात, जन्मतः अंग ओलं असतं. मोठ्या कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, पण पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ९५ ते ९९ च असतं आणि तेही त्याला स्वतःहून टिकवता येत नाही. आईचं पोट, भावंडांची रास आणि खालचं अंथरूण यावरच ते जगतं. आई पाच-दहा मिनिटं बाहेर गेली, पिल्लू रांगत-रांगत उघड्या फरशीवर आलं, की फरशी त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते.

अंग गार पडलं की चोखायची ताकद जाते. मग आतडं थंडावतं. ९४ अंशांच्या खाली गेलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पुढे सरकत नाही, तिथंच राहतं, पोट फुगतं. हृदयाचे ठोके मंदावतात. आणि हालचाल न करणारं, गार लागणारं पिल्लू आई बाजूला सारते. ते जगण्यातलं नाही असं तिला वाटतं आणि बाकीच्यांना ती दूध पाजू लागते. आपण म्हणतो, आईनं टाकलं. पण क्रम उलटा असतो. पिल्लू आधी गार पडलेलं असतं, आई त्याला नंतर सारते. तेच पिल्लू पुन्हा ऊबदार करून तिच्यापाशी ठेवलं, तर बहुतेक वेळा ती त्याला चाटून जवळ घेते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पुढे सांगते.

आधी बोट, मग थर्मामीटर

बाजूला पडलेलं पिल्लू दिसलं की ते हातात घ्या आणि हात स्वच्छ धुऊन करंगळी त्याच्या तोंडात घाला. आतून तोंड गरम लागलं आणि त्यानं करंगळी घट्ट चोखली, तर पिल्लू भुकेलं आहे किंवा नुसतं भरकटलंय, आईला लावा. तोंड आतून गार लागलं, जबडा ढिला किंवा आवळलेला असला, चोखणं नसलं, तर पिल्लू गारठलंय.

थर्मामीटर असला तर अंदाजावर जायला नको. मऊ टोकाचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, औषधाच्या दुकानात मिळतो. टोकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून शेपटीखाली अर्धा सेंटीमीटरच आत घाला, जोर लावू नका. हा थर्मामीटर पिल्लांचाच ठेवा.

आकडा ९४ च्या खाली असेल, तर दूध द्यायचं नाही. थेंबभरही नाही. सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हेच, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. दुसऱ्या विणीच्या वेळी मी स्वतः ती केली. पिल्लू मलूल दिसलं, जीव राहवेना, गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरनं पाजलं. त्यानं दोन घोट घेतल्यासारखं वाटलं, मग नाकातून दुधाचा फेस आला, श्वास घरघरला. तासाभरात गेलं. गार पिल्लाला नीट गिळता येत नाही, दूध छातीत जातं. जे छातीत गेलं नाही ते पोटात कुजतं. मी त्याला वाचवायला बसले होते आणि त्याच दुधानं ते गेलं.

ज्या पशुवैद्य डॉक्टरांकडे मी नंतर गेले, त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "ताई, आधी ऊब, मग दूध. घाई दुधाची करू नका, उबेचीही करू नका."

त्या रात्री काय केलं

तिसऱ्या विणीत दुसऱ्याच रात्री, दोनच्या सुमाराला, मी टॉर्च घेऊन पडवीत गेले. सहा पिल्लं चांदीच्या पोटाशी होती. सातवं, पांढऱ्या पंजांचं, तिच्या पाठीमागे भिंतीशी पडलेलं. बहुतेक ती कूस बदलताना मागे राहिलं असावं. हातात घेतलं तर ओल्या फडक्यासारखं लटकलं. नाकाचा शेंडा निळसर पडलेला. थर्मामीटरनं ९१.२ दाखवलं.

सासूबाई उठून आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तिनं टाकलंय ते. आता नाही जगायचं. निजून घे तू."

"आत्याबाई, टाकलं नाहीये, गार पडलंय फक्त. जरा शाल द्या मला."

पिल्लू कोरड्या सुती फडक्यात पुसून घेतलं आणि ब्लाऊजच्या आत, छातीशी, अंगाला अंग लागेल असं ठेवलं. वरून शाल. डोकं बाहेर राहील एवढी फट ठेवली. मग भिंतीला टेकून बसून राहिले. दर पंधरा-वीस मिनिटांनी कूस बदलायची, हलक्या हातानं पाठ चोळायची, एवढंच. आत्याबाईंनी दोन बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या मोज्यांत घालून, शालीच्या बाहेरून लावल्या.

अर्ध्या तासात काहीच नाही. तीनला ९३. ते हललं तेव्हा आधी मला वाटलं माझाच श्वास आहे. मग मागचा पाय एकदा ताणला गेला. साडेतीनच्या पुढे त्यानं बारीक आवाज केला, आणि आवाज ऐकून चांदीनं मान वर केली. चारला ९५.४. करंगळी घातली, तर जीभ तिच्याभोवती वळली. हलकीच, पण वळली. हिरड्यांना ग्लुकोजच्या कोमट पाण्याचं बोट लावलं, दहा मिनिटं थांबले आणि मग चांदीच्या मागच्या आचळाला लावलं. मागची आचळं जास्त भरलेली असतात. आचळ आधी हलकं दाबून दुधाचा थेंब टोकाशी आणला, पिल्लाचं तोंड उघडून त्यावर ठेवलं आणि मानेला आधार दिला. चांदीनं त्याला हुंगलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत चाटलं आणि पुढचा पाय त्याच्यावरून घेऊन त्याला आत ओढलं. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पिल्लांसाठी गोधडी फाडून दिली.

गारठलेलं पिल्लू असंच हळूहळू तापवायचं, एक ते तीन तास घेऊन. चुलीपुढे धरणं, तापलेली वीट थेट खाली ठेवणं, गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायरचा झोत मारणं, यातलं काहीही नको. वरची कातडी भाजते, आत थंडच राहतं, आणि एकदम तापवलं तर हृदयाला झेपत नाही.

जागा: खालची थंडी आणि एलईडी दिवा

एकेक पिल्लू छातीशी धरून सगळी वीण वाचत नाही. जागा नीट हवी. आम्ही काय केलं ते सांगते, सामान मळ्यातलंच आहे.

द्राक्षाचे प्लास्टिकचे कॅरेट आडवे लावून भिंतीच्या कोपऱ्यात कोंडाळं केलं, चांदीला पाय पसरून आडवं होता येईल एवढं. कॅरेटना जाळी असते, वारा शिरतो, म्हणून बाहेरून गोणपाट बांधलं. खाली फरशीवर लाकडी फळ्या, त्यावर पुठ्ठे, त्यावर घट्ट ताणून खोचलेली गोधडी. फळी आणि पुठ्ठा हवाच, कारण थंडी वरून येते त्यापेक्षा खालून जास्त येते. नुसतं गोणपाट अंथरू नका, त्याचे सुटे धागे पायांना गुंडाळले जातात. सैल साडी-धोतरंही नकोत, पिल्लं घडीत शिरतात आणि आई वर बसते. नुसता वर्तमानपत्राचा कागदही चालत नाही, तो गुळगुळीत असतो, पाय फाकतात. कागद गोधडीच्या खाली घाला, ओल शोषायला.

भिंतीच्या कडेनं चार बोटं अंतर सोडून, वीतभर उंचीवर एक बांबू आडवा बांधा. आई भिंतीला टेकून बसली तर मध्ये सापडलेल्या पिल्लाला त्या फटीत जागा मिळते.

आता दिवा. पहिल्या वर्षी आम्ही पडवीत रात्रभर दिवा लावत होतो आणि समजत होतो की पिल्लांना ऊब आहे. तो एलईडी होता. एलईडीनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पूर्वीचा पिवळा, तारेचा, साठ वॅटचा बल्ब ऊब द्यायचा. तोच शोधून आणावा लागला. असा बल्ब जाळीच्या टोपीखाली, पक्क्या तारेनं, कोंडाळ्याच्या एकाच कोपऱ्यावर टांगा. पिल्लांच्या उंचीवर तळहात पाच मिनिटं धरून पाहा, सुखाचं वाटलं तर उंची बरोबर. वायर आईच्या दातांपासून दूर ठेवा. दुसरा कोपरा थंडच राहू द्या, म्हणजे जास्त गरम झालं की पिल्लू सरकून तिकडे जातं, आणि आईलाही धापा टाकत बसावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात उबेच्या कोपऱ्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं.

वीज गेली तर मोज्यातल्या गरम पाण्याच्या बाटल्या. पण त्या दीड-दोन तासांनी बदलायच्याच. गार झालेली बाटली पिल्लाची ऊब उलट स्वतःकडे ओढते. रात्रभर तीच बाटली ठेवली तर पहाटे तीच घात करते.

जागा बरोबर आहे की नाही हे पिल्लं स्वतः सांगतात. एकावर एक रास करून, कुईकुई करत असतील तर थंडी आहे. एकमेकांपासून लांब, पोटावर पसरून, तोंड उघडं ठेवून असतील तर फार गरम. एकमेकांना लागून ओळीत, गाढ झोपलेली, मधूनमधून पाय-कान फुरफुरवत असतील तर सगळं ठीक. ते फुरफुरणं पाहून घाबरू नका, झोपेत ते व्हायलाच हवं. न फुरफुरता निपचित झोपणाऱ्या पिल्लाकडे लक्ष द्या. आणि पोट भरलेलं पिल्लू वीस-वीस मिनिटं रडत नाही. रडत असेल तर कारण शोधा.

काटा आणि वही

डोळ्यांनी पाहून पिल्लू वाढतंय की नाही हे पहिल्या चार दिवसांत कळत नाही. मला कळतं असं वाटायचं, पण नाही कळत. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा घ्या, वर वाडगा ठेवा, रोज एकाच वेळी प्रत्येकाचं वजन करा आणि लिहा. गावठी पिल्लं रंगानं वेगवेगळी असतात, तेव्हा ‘पांढरे पंजे’, ‘कपाळावर टिळा’ अशी नावं लिहिली की पुरतं. गळ्यात दोरा बांधू नका.

पहिल्या २४ तासांत वजन किंचित घटलं तर चालतं. त्यानंतर रोज वाढायला हवं, जन्माच्या वजनाच्या निदान ५ ते १० टक्क्यांनी. आठ-दहा दिवसांत दुप्पट. ३०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर रोज १५ ते ३० ग्रॅम. एक दिवस वजन तिथंच राहिलं, तर त्याला मागच्या आचळाला आधी लावा, दांडगी भावंडं अर्धा तास बाजूला ठेवा (उबेतच). दुसऱ्या दिवशी घटलं, तर डॉक्टर. पिल्लू मलूल दिसायच्या एक-दोन दिवस आधी वहीतला आकडा ते सांगतो, आणि तेवढ्या दोन दिवसांत ते वाचवता येतं.

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे. खरवसाचा चीक आपण वाटून खातो, पण पिल्लासाठी त्याचं मोल वेगळं आहे. आईच्या अंगातली रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच उतरते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या बारा ते चोवीस तासांतच असते. पिल्लू जन्मल्यावर तासा-दोन तासांत आचळाला लागलं की नाही, हे एकेक करून पाहा.

वरचं दूध द्यायची वेळ आली तर गाईचं दूध पाणी घालून देऊ नका. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुप्पटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतो, साखर मात्र कमी. पातळ गाईच्या दुधानं पोट भरल्यासारखं दिसतं, पिल्लू उपाशी राहतं आणि हगवण लागते ती वेगळीच. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ती वापरा. रात्र काढायचीच असेल तर पाणी न घातलेल्या दुधात अंड्याचा फक्त पिवळा बलक फेटून, गाळून, मनगटावर कोमट लागेल असं द्या, आणि सकाळी पावडर आणा. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीच्या आसपास, दर दोन-तीन तासांनी. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, जसं आईला पितं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून कधीही पाजू नका. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हळू पुसा. आई चाटते तेव्हाच पिल्लू शी-शू करतं, स्वतःहून त्याला जमत नाही. शू गडद पिवळी दिसली तर अंगात पाणी कमी पडतंय.

ऊब आहे, आई पाजतेय, तरी जातायत

मग दुसरं कारण आहे, आणि ते कोणत्या दिवशी जातात यावरून बरंच कळतं.

पहिल्याच दिवसापासून नाकातून दूध येत असेल तर टॉर्चनं टाळू पाहा. आमचं सातातलं जे एक गेलं, त्याच्या टाळूला चीर होती. ते आमच्या हातात नव्हतं.

चौथ्या दिवसापासून पुढे पोट फुगणं, नाळेच्या जागी लाल-काळं, ओलसर दिसणं, म्हणजे जंतुसंसर्ग. नाळेला पहिल्याच दिवशी टिंक्चर आयोडिन लावा, हळद-राख नको. याच सुमाराला आईची आचळं एकेक दाबून पाहा. एखादं तापलेलं, दगडासारखं, हात लावू न देणारं असेल आणि दूध पिवळट, लालसर किंवा गाठीचं येत असेल तर तिला दाह झालाय. त्याच दिवशी डॉक्टर. आईच्या बाजूनं आणखी एक पाहायचं. व्याल्यावर काही दिवस हिरवट-काळा आणि मग तांबूस स्राव जातो, ते नेहमीचं. पण त्याला कुजका वास आला, तिला ताप आला, ती पिल्लांजवळ बसेना, तर वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं मंद होऊन जात असतील तर ओठ वर करून हिरड्या पाहा. पांढऱ्याफटक असतील तर जंत नाहीतर पिसवा. गोल जंत पोटात असतानाच आईकडून पिल्लात उतरतात, आकडे जंत दुधातून येतात, म्हणून जंताचं औषध पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत देतात, आईलाही त्याच वेळी. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. पिसवांसाठी मोठ्या कुत्र्यांची पावडर किंवा गोठ्यातलं गोचिडांचं औषध पिल्लांवर अजिबात मारू नका, विषबाधा होते. बारीक फणी आणि कोमट साबणाचं पाणी वापरा, लगेच कोरडं करा, आणि अंथरूण रोज बदला.

तीन आठवड्यांच्या आतली पिल्लं एकापाठोपाठ एक, रडत-रडत, एक-दोन दिवसांत जात असतील तर कुत्र्यांचा हर्पीस विषाणूही असू शकतो. तो कमी तापमानाच्या अंगात फोफावतो. म्हणजे तिथंही गारठलेल्या पिल्लाचीच बाजू लंगडी पडते.

आईची थरथर

पिल्लं साधारण दोन-तीन आठवड्यांची झाली, भरपूर दूध ओढू लागली, की कधी आई अचानक धापा टाकते, अस्वस्थ फिरते, पाय कडक होतात, अंग थरथरतं. आपल्याकडे म्हणतात वारं लागलं, आणि तिला पांघरूण घालतात. पिल्लाला थंडी वाजते तेव्हा ते कुडकुडत नाही. आणि पाजणारी आई अशी थरथरते तेव्हा ती थंडीनं नसते. रक्तातलं कॅल्शियम दुधात जाऊन संपत आलेलं असतं. यात झटके येऊन कुत्री काही तासांत जाते. पिल्लं तिच्यापासून लगेच बाजूला घ्या आणि जी गाडी मिळेल तिनं दवाखान्यात न्या. तिथं शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात आणि बहुतेक वेळा ती डोळ्यांदेखत सावरते. लहान जातींच्या कुत्र्यांत हे जास्त होतं, पण गावठीतही होतं. हे टाळायला म्हणून ती पोटुशी असतानाच कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका. त्यानं हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मंदावते आणि उलट धोका वाढतो.

खाण्याचं थोडक्यात. बाजरीची भाकरी आणि ताक एवढ्यावर सात पिल्लं पाजणं तिला परवडत नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. उकडलेली अंडी, कोंबडीचं मांस भातात, दिवसातून तीन-चारदा, आणि पाणी अगदी जवळ, कारण पिल्लं सोडून ती लांब जायला मागत नाही. शिजवलेली हाडं नको, कांदा-लसूण नको. बाळंतीण म्हणून मायेनं तिला तूप-गुळाचा शिरा करून घालतात, त्यानं तिला हगवण लागते. आणि त्यात मनुके-बेदाणे घालतात ते तर कधीच नको. द्राक्ष आणि बेदाणा यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडे शेडमध्ये बेदाणा पसरलेला असतो, बागेत गळलेले मणी असतात, म्हणून व्यालेली चांदी आम्ही त्या बाजूला फिरकू देत नाही.

रस्त्यावरची वीण असेल तर

पिल्लं एकटी दिसली म्हणून लगेच उचलून घरी नेऊ नका. आई खायला शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून तासभर पाहा. करंगळीनं तपासून गार लागली तर मात्र थांबू नका, तिथंच ऊब द्या. पुठ्ठ्याचा खोका आडवा, खाली फळी किंवा थर्मोकोल, त्यावर जाड पुठ्ठा आणि घट्ट गोधडी, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. आईनं पाहिलेल्या जागेपासून चार-पाच पावलांच्या आतच ठेवा, नाहीतर ती एकेक उचलून परत नाल्याकाठी नेते. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, आणि डोळे उघडले की लोक पिल्लं मागायला येतात. आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची.

हे सगळं दर वर्षी करायचं नसेल तर शेवटचं काम राहतं. पिल्लांनी दूध सोडलं, आईची आचळं सुकली, की तिची नसबंदी करून घ्या. कार्तिकात व्यालेली कुत्री माघापर्यंत मोकळी होते. चांदीची शस्त्रक्रिया आम्ही फाल्गुनात केली. दहा दिवस तिला घरात ठेवलं, टाके कोरडे राहतील एवढंच पाहिलं. पांढऱ्या पंजांचं ते पिल्लू आम्ही कुणाला दिलं नाही. ती मादी निघाली. पुढचा भाद्रपद यायच्या आत तिचीही तारीख घेऊन ठेवलीय.